आसरे साहेबांचं पूर्ण नाव

लखनौच्या ऑफिसात कांता पहिल्या दिवशी हजर झाली, तेव्हा तिला सगळ्यात आधी दिसली ती एका टेबलावरची लाकडी पाटी. 'राम आसरे, प्रधान लिपिक.' पाटी वाचली आणि तिचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याच्या नोकरीपायी नागपूर सोडून इतक्या लांब बदली करून घेतलेली, स्टेशनापासून ऑफिसापर्यंत एक ओळखीचं अक्षर दिसलं नव्हतं, आणि इथे चक्क आपल्याकडचा माणूस! नागपूरला त्यांच्या चाळीत ठवरे होते, डोंगरे होते, कोपऱ्यावर आगरे होते. मग आसरे का नसावेत?

"नमस्कार आसरे साहेब," ती सरळ मराठीतच म्हणाली, "तुम्ही विदर्भातलेच का हो?"

टेबलामागचे गृहस्थ लगबगीनं उठले. चष्मा कपाळावर, गळ्यात मातकट मफलर. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. पण समोर नवखी मुलगी आणि तिच्या तोंडावर एवढा आनंद. त्यावर पाणी कसं ओतायचं?

"जी, बिल्कुल," ते हात जोडून म्हणाले. "तशरीफ़ रखिए."

ते मराठी नाहीत, शहराबाहेरच्या चिनहटचे आहेत, हे दुसऱ्या दिवशी कळलं. कांता मनातल्या मनात ओशाळली. पण नाव मात्र तिच्या तोंडात तेच बसलं. शेवटचा शब्द तो आडनाव, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि नागपूरच्या ऑफिसात मोठ्या माणसाला आडनावाला साहेब लावूनच हाक मारायची रीत. इथे सगळे त्यांना 'बड़े बाबू' म्हणत, त्यामुळे त्यांचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. ती आपली आसरे साहेब, आसरे साहेब करत राहिली. कामाची वाटणी टाइप करायची असली की झोकात 'श्री आर. आसरे' असं लिहायची. ते कागद बघायचे, क्षणभर थांबायचे, आणि खाली सही करून परत द्यायचे.

त्यांनी तिला काय म्हणावं? तिच्या हजर होण्याच्या कागदावर होतं 'श्रीमती कांता शामराव रामटेके'. इथल्या लोकांना वाटलं, रामटेके हे गावाचं नाव असणार. उरला शामराव. मग चपराश्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती 'शामराव मैडम' झाली. पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा तिनं दचकून मागे पाहिलं होतं, नवरा डबा विसरला म्हणून आला की काय! सांगावंसं फार वाटलं. पण नव्या जागी आल्या आल्या लोकांच्या चुका काय काढायच्या, म्हणून गप्प बसली. गप्प बसण्याची एकदा सवय झाली की तोंड उघडायला मुहूर्त सापडत नाही.

पण माणूस सोन्यासारखा. इथल्या पत्रांतली हिंदी तिला जड जायची, तेव्हा आसरे साहेब शेजारी स्टूल ओढून बसत आणि एकेक वाक्य समजावून देत. शैला झाली, रजा संपली, कांता परत कामावर आली, तेव्हा दुपारी घरी जाऊन बाळाला पाजून यायची सोय त्यांनीच साहेबांशी बोलून लावून दिली. तिनं मागितलीही नव्हती. ती एकदा टाइप करता करता पदर सारखा करत खिडकीकडे बघत होती, तेवढंच त्यांनी पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात चिनहटच्या कुंभाराकडून त्यांनी एक मातीची चिमणी आणली. शेपटीतून फुंकलं की शीळ वाजायची. कांताची सासू गयाबाई नातीला निजवायला ती चिमणी वाजवायची आणि म्हणायची, "तुझ्या त्या आसरे साहेबाचं भलं होवो. माझा घसा वाचला."

ते जानेवारीअखेर निवृत्त होणार होते.

निरोपसमारंभ कांताकडे आला. निमंत्रणपत्रिका, शिसवी फळीवर बसवायची पितळी पाटी, आणि त्या दिवशी माइकवर बोलायचं, सगळं. मोठे साहेब म्हणाले, "शामराव मैडम, आप ही कीजिए, आपसे अच्छा कौन करेगा." तिनं मन लावून केलं. नावाच्या बाबतीत ती स्वतःला काटेकोर समजायची. नागपूरला असताना तिच्या हातून कधी कुणाचं नाव चुकलं नव्हतं, आणि याचा तिला थोडा तोराही होता. पत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या. अमीनाबादच्या बाजारात पाटी कोरायला टाकली: 'श्री आर. आसरे'.

आता राहिलं बोलावणं. कार्ड काय, आसरे साहेबांच्या हातीही पाठवता आलं असतं. पण ज्यांच्या घरचा कार्यक्रम त्यांच्या घरच्या बाईला उंबऱ्यावर जाऊन बोलावल्याशिवाय कांताला चैन पडेना. रविवारी शैलाला शालीत गुंडाळून ती बसनं चिनहटला गेली.

ऊन कोवळं होतं, पण गार वारा अंगाला झोंबत होता. एका दारात एक बाई परात घेऊन मटार सोलत बसली होती. कांतानं विचारलं, "आसरे साहब का घर कौन सा है?"

"कौन आसरे?" बाईनं मान वर केली. "यहाँ तो कोई आसरे-वासरे नहीं रहता."

"लखनऊ में दफ़्तर है उनका. बड़े बाबू हैं. साइकिल से जाते हैं, गले में मफलर..."

"अरे, तो राम आसरे भैया कहिए ना!" बाई खदाखदा हसली. "राम को कहाँ गिरा आईं रास्ते में?"

कांताही हसली, पण हसू अर्धवटच आलं. "राम आसरे... ये पूरा नाम है?"

"इतना ही पूरा है. और कितना चाहिए?"

"नहीं, मतलब, उसके आगे..."

बाईचे हात परातीतच थांबले. आवाज थोडा थंड झाला. "आगे क्या लगाते हैं, यही पूछ रही हैं?"

कांताचे कान तापले. हा प्रश्न तिला चांगलाच ओळखीचा होता. लखनौला आल्यावर खोली शोधत होते तेव्हा एका घरमालकानं शामरावला हाच विचारला होता. रामटेके, म्हणजे तुम्ही लोक कोण? उत्तर ऐकलं आणि ती खोली एकाएकी त्याच्या कुठल्याशा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली होती. आणि आज तोच प्रश्न आपण दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारतोय.

"नहीं नहीं," ती घाईनं म्हणाली. "मुझे कुछ नहीं पूछना. बस घर बता दीजिए."

बाईनं एकदा तिच्याकडे, एकदा शालीतल्या शैलाकडे पाहिलं. ओंजळभर मटार शैलाच्या इवल्या मुठीत घालायचा प्रयत्न केला, अर्धे सांडले. मग हात करून घर दाखवलं.

आसरे साहेब दळण आणायला गेले होते. घरी त्यांची बायको होती आणि माहेरपणाला आलेली मुलगी अरुणा. दोघींनी कांताला खाटेवर बसवलं, शैलाला हातोहात उचललं. कांतानं 'चाची' म्हणत आसरे साहेबांच्या बायकोपुढे कार्ड धरलं. चाचींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मुलीकडे दिलं. "पढ़ो तो बिटिया."

"श्री आर. आसरे के सेवानिवृत्त होने के..." अरुणा अडखळली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ई केकर कारड आय?" हे कुणाचं कार्ड, असं चाचींनी भोळेपणानं विचारलं. "बाबूजी के साथ कउनो और भी रिटायर होत हैं का?"

कांताला वाटलं, खाटेसकट जमिनीत जावं. अरुणा हळूच म्हणाली, "अम्मा, ये बाबूजी का ही है."

चाचींना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या पदर तोंडाशी नेऊन हसल्या. "अच्छा! तो आप ही हैं शामराव मैडम! आपकी तो रोज़ बात होती है यहाँ."

मग चहा आला, मटारची घुगरी आली, आणि कांतानं न विचारताच त्यांनी नावाची गोष्ट सांगितली. त्यांच्या सासूची आधीची मुलं जगली नव्हती. हा झाला तेव्हा ती बारसं करू देईना. नाव ठेवलं की पोर जातं, असं तिच्या मनानं घेतलेलं. कुणी विचारलं, बाळाचं नाव काय, तर सांगायची, माझ्या हातात काही नाही बाबा, हा आता रामाच्या आसऱ्याला. तेच पुढे नाव झालं. ती असेपर्यंत तिनं ते अर्धं कुणाला घेऊ दिलं नाही. गल्लीतल्या पोरांनी नुसतं 'आसरे' म्हणून हाक मारली की काठी घेऊन धावायची, "पूरा बोलो! पूरा!"

कांतानं नकळत हात पुढे केले आणि शैलाला परत आपल्या मांडीवर घेतलं.

"मग... तो उन्होंने मुझे कभी टोका क्यों नहीं?"

"हम भी यही कहे थे," चाची म्हणाल्या. "तो बोले, परदेस से आई है, इतने प्यार से बुलाती है. टोक दूँगा तो लड़की का दिल छोटा हो जाएगा."

कार्ड परत मागायचा धीर कांताला झाला नाही. चाचींनी ते देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं होतं.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू यायला लागलं. शामराव शैलाचे मोजे काढत होता, तो थांबला. गयाबाई मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं पण त्या माणसानं बोलायचं होतं ना! तोंड काय भाड्यानं दिलं होतं?"

"त्यांना वाटलं मला वाईट वाटेल, आई."

"आणि तू? तू तरी बोललीस का? शामराव मैडम, शामराव मैडम! मी जन्मात माझ्या मालकाचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि तुझ्या ऑफिसातले तुला नवऱ्याच्या नावानं हाका मारतात. परवा तो चपराशी दारात येऊन विचारतो, शामराव मैडम हैं? मी म्हटलं, शामराव आहे, मॅडम आहे, दोन्ही एकात नाही मिळणार!"

"माझंही ऐका," शामराव म्हणाला. "माझ्या ऑफिसात मला सगळे रामटेके म्हणतात. शामराव हे नाव हिनंच वापरून वापरून झिजवलं."

कांताला रडता रडता हसू फुटलं. पण रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे ती पितळी पाटी होती. आसरे साहेब ती घरी नेतील, भिंतीवर लावतील. रोज सकाळी मफलर गुंडाळताना ती त्यांच्या नजरेला पडेल. एवढी नोकरी केली त्या माणसानं, आणि शेवटी हातात काय, तर भलत्याच कुणाची तरी पाटी. आणि ते तरीही म्हणणार, जी, बिल्कुल.

सोमवारी तिनं शेजारच्या टेबलावरच्या सुधीर सक्सेनाला गाठलं. "बड़े बाबू का नाम राम आसरे है, पूरा. आपको मालूम था?"

"सारे दफ़्तर को मालूम था, मैडम."

"तो किसी ने बताया क्यों नहीं?"

"हमें लगा आप दोनों के बीच की बात है." सुधीर मिशीतल्या मिशीत हसला. "आप बुलाती थीं, वो उठ के आते थे. सच कहूँ, मज़ा भी आता था."

"मज़ा?" कांताचा आवाज चढला. आजूबाजूचे टाइपरायटर थांबले. "आपको कोई दो साल तक सिर्फ़ 'धीर' बुलाए तो? धीर जी, ज़रा फ़ाइल दीजिए. धीर जी, चाय पी ली?"

कुणीतरी फिसकन हसलं. सुधीर हसला नाही. खुर्चीवरचा कोट उचलत म्हणाला, "चलिए. अमीनाबाद का रिक्शा मैं बुलाता हूँ."

अमीनाबादेत रजया, स्वेटर, बांगड्या यांच्या गर्दीतून वाट काढत ती त्या चिंचोळ्या दुकानात पोचली. पाटी तयार होती. घासूनपुसून आरशासारखी केलेली. नाव कोरणाऱ्या म्हाताऱ्या मियाँनी ती कौतुकानं पुढे धरली. कांतानं चूक सांगितली तेव्हा त्यांनी पाटी आपल्याकडे ओढून घेतली, जणू पाटीचाच अपमान झाला होता.

"पीतल है बीबी, स्लेट नहीं कि गीली उँगली से मिट जाए."

"कुछ तो हो सकता होगा ना?"

"घिसूँगा तो गड्ढा पड़ेगा. नई के लिए वक़्त नहीं, कहती हैं जलसा परसों है." ते पुटपुटत राहिले. पाटी उजेडात धरली, तिरकी केली, चिमट्यानं खालची शिसवी फळी सुटी केली. मग एकदम पाटी उलटी केली. मागची बाजू खरबरीत होती, पण कोरी. "इधर लिख देता हूँ. माँजना पड़ेगा, शाम हो जाएगी. पुराना नाम अंदर लकड़ी की तरफ़ चला जाएगा. किसका क्या बिगड़ता है?"

कांताला त्यांचे हात धरावेसे वाटले.

"बोलिए, नाम."

"राम आसरे."

"आगे?"

"आगे कुछ नहीं," कांता म्हणाली. "इतना ही पूरा है."

आणि तिनं त्यांच्याकडून ते म्हणवून घेतलं. एकदा नाही, परत परत. शेवटी मियाँ वैतागून म्हणाले, "बीबी, अब तो मुझे अपना नाम भूल जाएगा!"

समारंभाच्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेल्या चाची, शेजारी अरुणा. मागच्या बाजूला शैलाला कडेवर घेऊन गयाबाई उभी होती. 'मला बसायला सांगू नका, पोर किरकिरतं' असं तिनं मराठीतच सुनावल्यावर कुणी आग्रह केला नव्हता. आसरे साहेब व्यासपीठावर बसले होते. नवा कोट, मफलर तोच.

कांता माइकपाशी आली. पत्रिकेवरचं नाव सगळ्यांच्या हातात होतं, तेच वाचलं जाणार असं आसरे साहेबांनीही गृहीत धरलं असावं. ते खाली बघत होते.

"आज हम जिनके लिए इकट्ठा हुए हैं," ती म्हणाली. कार्डाकडे न बघता तिनं सावकाश म्हटलं, "श्री राम आसरे."

त्यांनी मान वर केली.

"कार्ड पर जो छपा है वह मेरी भूल है," कांता पुढे म्हणाली. "नाम यही है. श्री राम आसरे."

पहिल्या रांगेतून चाचींनी मोठ्यानं 'हाँ' म्हटलं. हॉलमध्ये हशा पिकला आणि त्याच हशातून टाळ्या सुरू झाल्या. आसरे साहेब उठले. पाटी हातात घेतली. चष्मा कपाळावर होता तो डोळ्यांवर ओढला, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं. मग मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. भाषणात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. तिच्यापाशी आले तेव्हा थोडे थांबले, आणि नेहमीसारखंच म्हणाले, "और हमारी शामराव मैडम."

समोसे आणि चहा सुरू झाल्यावर कांता त्यांच्याजवळ गेली. बोलायचं ठरवून आली होती, तरी पदराशी चाळा चाललाच. "बड़े बाबू, पाटी के पीछे... लकड़ी की तरफ़, वह पुराना वाला भी है. मिटा नहीं."

"रहने दीजिए," ते म्हणाले. "दो साल वह भी तो मैं ही था."

"और एक बात. मेरा नाम कांता है."

"मालूम है, बिटिया. आपकी सर्विस बुक मैं ही भरता हूँ."

"तो फिर...?"

"भरे दफ़्तर में किसी घर की बहू का नाम लेता?" ते ओशाळून हसले. "इजाज़त किसने दी थी?"

पदराशी चाललेला कांताचा चाळा थांबला. दोन वर्षं दोघं समोरासमोर बसत होते. एकमेकांचा मान राखता राखता एकमेकांची नावं मात्र...

"आज देती हूँ," ती म्हणाली.

"तो कांता बिटिया," ते म्हणाले, एखादी नवी वस्तू तळहातावर घेऊन पाहावी तसं, "ये भी बता दीजिए, इनका क्या नाम है?" गयाबाई एव्हाना शैलाला घेऊन तिथे येऊन ठेपली होती. पोरीनं त्यांच्या मफलरचं टोक पकडून थेट तोंडात घातलं होतं.

"शैला."

"पूरा बोलिए. पूरा."

"शैला शामराव रामटेके."

ते वाकले, पोरीच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "शैला शामराव रामटेक."

"टेक नाही," गयाबाई ठसक्यात म्हणाली. "टेके. राम-टेके."

कांता तिला आवरायला पुढे झाली. पण आसरे साहेबांनी गयाबाईकडे पाहून कान पकडले, हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कुठेही न अडखळता, शेवटपर्यंत.

"हं," गयाबाई म्हणाली, "आता बरोबर." आणि मफलर सोडवून त्यांचा त्यांना परत दिला.